अळिंबीची पुडी : औषध किती, आहार किती आणि धंदा किती?

काष्ठौषधी विकणारा अत्तार असो, किराणा दुकानदार असो, की यंत्रमागावर राबणारा कारागीर असो, हल्ली त्यांच्या दारापर्यंत एक नवा माल येऊन पोहोचतो. तो म्हणजे अळिंबीची, म्हणजेच मशरूमची पुडी, कॅप्सूल किंवा कॉफी. माल घेऊन येणारा बहुधा ओळखीचाच असतो. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी, दमा, इतकेच नव्हे तर कॅन्सरसुद्धा या पुडीने बरा होतो, असे तो सांगतो. सोबत धंद्याचे गणितही मांडतो. इतक्या रुपयांचा माल उचला, चार माणसे जोडा, ती चार माणसे आणखी चार-चार जोडतील आणि तुम्हाला घरबसल्या पैसा येत राहील!

अशा वेळी दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, या दाव्यांत खरे किती? आणि दुसरा असा की, हा माल दुकानात ठेवावा काय, आणि ठेवलाच तर गिऱ्हाइकाला काय सांगून विकावा? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कारण मोहल्ल्यातील गिऱ्हाईक डब्यावरचे बारीक अक्षर वाचत नाही, ते दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवते. त्या शब्दावर एखाद्याने साखरेची गोळी बंद केली किंवा कॅन्सरचा इलाज दोन महिने पुढे ढकलला, तर होणारे नुकसान कोणत्याही नफ्यातून भरून निघत नाही. म्हणून या मालाची नीट माहिती करून घेणे जरुरीचे आहे.

अळिंबी म्हणजे काय?

अळिंबी ही वनस्पती नव्हे. ती एक प्रकारची बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर येणारी बुरशी आणि पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री ही एकाच मोठ्या कुळातील मंडळी. बुरशीचे खरे शरीर म्हणजे माती, लाकूड किंवा पेंढ्यात पसरलेले पांढरे तंतू. आपल्याला दिसते ती छत्री हे तिचे फळ समजावे. तंतू आणि फळ हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे माल पारखताना तो उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडे बाजारात मुख्यतः पांढरी बटण अळिंबी आणि शिंपल्याच्या आकाराची धिंगरी मिळते. कोकणात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानअळिंबी लोक आवडीने खातात. हिमालयातील गुच्छी आणि कीडाजडी, तसेच चीन-जपानकडील रेशी आणि शिताके ही नावे आता जाहिरातींमुळे आपल्यापर्यंत आली आहेत.

अत्ताराच्या दुकानातील जुनी ओळख

अळिंबीचा औषध म्हणून वापर आपल्याला नवा नाही. युनानी वैद्यकात 'गारीकून' नावाचे औषध आहे. ही लार्च नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या खोडावर वाढणारी कठीण बुरशी होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने तिचे वर्णन केले आहे, आणि पुढे इब्ने सीना यांच्या 'अल-कानून'मध्येही ती आढळते. हकीम मंडळी ती मुख्यतः बलगम काढून टाकणारे रेचक म्हणून वापरत आली. पांढरे, हलके आणि सहज भुगा होणारे गारीकून चांगले, तर काळपट, जड आणि टणक गारीकून वाईट, ही जुनी पारख. ते खलात न कुटता चाळणीवर घासून घेतात आणि वर राहिलेला टणक भाग टाकून देतात. याला 'गारीकून मुगरबल' म्हणतात. जुन्या हकिमांनी हे औषध निर्धोक मानले नव्हते, हे यावरून दिसते. कोणता भाग घ्यावा, कोणता टाकावा आणि मात्रा किती असावी, याचे नियम त्यांनी घालून दिले होते. मात्रा वाढली तर उलट्या-जुलाब होतात. आज लार्चवरील ही बुरशी जगात दुर्मिळ झाली आहे. त्यामुळे गारीकून म्हणून मिळणारा माल जाणकार हकिमाला दाखवूनच घ्यावा.

आपल्या कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात 'फणसांबा' प्रसिद्ध आहे. काही जण याला फणस-आळंबे म्हणतात. फणसाच्या जुन्या खोडावर येणारी ही लाकडासारखी कठीण बुरशी सहाणेवर उगाळून लहान मुलांच्या हिरड्यांना लावतात. फार लाळ गळणे, तोंड येणे यांवर हा जुना घरगुती उपाय आहे. पुण्यातील संशोधकांनी १९९० च्या दशकात या वापराची शास्त्रीय नियतकालिकांत नोंदही केली.

याच संदर्भात कमअतचा उल्लेख करणे भाग आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत कमअत ही 'मन्न'पैकी असून तिचे पाणी डोळ्यांसाठी शिफा असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वचन आले आहे. मात्र कमअत म्हणजे अरबस्तानच्या वाळवंटात पावसानंतर जमिनीखाली तयार होणारी, बटाट्यासारखी दिसणारी बुरशी. आपल्या बाजारातील धिंगरी किंवा बटण अळिंबी म्हणजे कमअत नव्हे. शिवाय तिचे पाणी नुसते वापरावे की सुरम्यासारख्या औषधात मिसळून, याविषयी जुन्या भाष्यकारांतही मतभेद आहेत. तेव्हा या वचनाचा आधार देऊन कोणत्याही अळिंबीचा रस 'डोळ्यांचे औषध' म्हणून विकणे हे दीन आणि दुनिया दोन्ही दृष्टींनी गैर आहे. डोळ्यांत निर्जंतुक नसलेला रस घातल्यास जखम होऊन दृष्टी जाण्याची भीती असते.

बुरशीपासून तयार झालेली खरी औषधे

बुरशीत औषधी द्रव्ये असतात, यात शंका नाही. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीपासून पेनिसिलिनचा शोध लागला आणि पुढे त्याने लाखो जीव वाचवले. रक्तातील चरबी कमी करणारे लोव्हास्टॅटिन हे औषध अमेरिकेत १९८७ मध्ये मान्य झाले. तेही बुरशीपासूनच मिळवलेले. हेच द्रव्य अल्प प्रमाणात धिंगरीतही सापडते.

पेनिसिलिन आणि लोव्हास्टॅटिन या साध्या बुरशीच्या देणग्या झाल्या. छत्री धरणाऱ्या अळिंबीचे उदाहरण पाहिजे असेल तर प्ल्युरोम्युटिलिनचे घ्यावे. हे जंतुनाशक द्रव्य १९५१ मध्ये एका अळिंबीत सापडले. त्यात सुधारणा करून माणसांच्या त्वचारोगावरील मलम २००७ मध्ये, तर न्यूमोनियावरील औषध २०१९ मध्ये मान्य झाले. म्हणजे शोध लागल्यापासून माणसाच्या औषधापर्यंत पोहोचायला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

जपानमध्ये तर अळिंबीच्या अर्काला कॅन्सरच्या उपचारातही जागा मिळाली. झाडाच्या ओंडक्यावर रंगीत पट्ट्यांच्या पंख्यासारख्या वाढणाऱ्या एका अळिंबीपासून 'क्रेस्टिन' तयार झाले आणि १९७७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. शिताकेपासून 'लेंटिनन' तयार झाले आणि १९८५ मध्ये ते जठराच्या कॅन्सरसाठी मान्य झाले. एजंट लोक हीच उदाहरणे देतात, पण अर्धीच सांगतात. उरलेली अर्धी बाजू अशी की, क्रेस्टिन हे शुद्ध करून, मोजून दिले जाणारे औषध होते आणि लेंटिनन तर इंजेक्शनने देत. शिवाय ही औषधे केमोथेरपीच्या जोडीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्यात येत. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी बाजूला सारून केवळ अळिंबीवर रुग्ण बरे केले, असे जपानी डॉक्टरांनीही म्हटलेले नाही.

यातून व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखाद्या वस्तूत औषधी द्रव्य असणे वेगळे आणि ती वस्तू स्वतः औषध असणे वेगळे. धिंगरीत लोव्हास्टॅटिन असते म्हणून धिंगरीची भाजी खाऊन हृदयाची गोळी सोडता येत नाही. कारण भाजीत ते किती आले आणि पोटात किती गेले, याचे माप कोणाजवळच नसते.

रेशीविषयी तपासणी काय सांगते?

बाजारातील बहुतेक 'अळिंबी कॉफी' आणि कॅप्सूल रेशीच्या नावावर विकल्या जातात. शास्त्रीय नाव गॅनोडर्मा, चिनी नाव लिंगझी. ही लाकडासारखी कठीण आणि वार्निश लावल्यासारखी चकचकीत असते. चवीला कडू. तिची भाजी होत नाही, म्हणून काढा किंवा भुकटी करतात. चीनमध्ये तिला शेकडो वर्षांपासून मान आहे. नारळाच्या झाडाचे खोड कुजवणारा रोगही याच कुळातील एका बुरशीमुळे होतो.

प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत आणि उंदरांवर रेशीचे अनेक चांगले परिणाम दिसले आहेत. परंतु माणसांवरील चाचण्यांचे निष्कर्ष तितके उत्साहवर्धक नाहीत. उपचारांची निःपक्षपाती छाननी करणाऱ्या 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये मधुमेही रुग्णांवरील चाचण्या तपासल्या. रक्तातील साखर किंवा हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी रेशी वापरावी, याला आधार मिळाला नाही. कॅन्सरविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छाननीत असे म्हटले आहे की, मुख्य उपचार म्हणून रेशी देण्यास पुरेसा पुरावा नाही. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ती देण्याचा विचार करता येईल, इतकेच. आयुष्य वाढते असेही सिद्ध झालेले नाही.

त्याहून व्यापाऱ्याला अधिक विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे मालाचा अस्सलपणा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ नमुन्यांची तपासणी करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात फक्त ५ नमुने लेबलाशी जुळणारे निघाले. कडक कायद्यांच्या देशात ही अवस्था, तर सुट्या भुकटीच्या बाजारात काय असेल याची कल्पनाच केलेली बरी.

कीडाजडीची कथा

कीडाजडी हे दुसरे मोठे नाव. हिमालयात ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर जमिनीत राहणाऱ्या एका अळीला ही बुरशी पछाडते, अळी मरते आणि उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर तिच्या डोक्यातून काडीसारखी बुरशी वर येते. उत्तराखंडच्या पिथोरागढ, चमोली या भागांतील गावकरी मे-जूनमध्ये गुडघ्यांवर रांगत ती शोधतात. तिचा भाव किलोमागे लाखो रुपयांत असतो.

जगात तिची हवा झाली ती १९९३ मध्ये. त्या वर्षी चीनच्या महिला धावपटूंनी एकामागून एक विश्वविक्रम मोडले. त्यांचे प्रशिक्षक मा जुनरेन यांनी याचे श्रेय खडतर सरावाला, कासवाच्या रक्ताला आणि कीडाजडीला दिले. मागणी आणि किमती वाढत गेल्या. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकपूर्वी रक्ततपासणीनंतर त्यांच्या सहा धावपटूंना चिनी संघातून वगळण्यात आले. आणि २०१६ मध्ये धावपटूंच्या सह्यांचे एक जुने पत्र चिनी माध्यमांत प्रसिद्ध झाले. आम्हाला बंदी असलेली औषधे दिली जात होती, असा आरोप त्यात होता. परंतु तोपर्यंत वीस-बावीस वर्षे त्या विक्रमांच्या नावावर माल खपला होता.

त्याच २०१६ साली चीनच्या अन्न व औषध प्रशासनाने आणखी एक इशारा दिला. कीडाजडीच्या नमुन्यांत किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आर्सेनिक, म्हणजे सोमल आढळले. तेथील आरोग्य-आहारासाठी मर्यादा १ मिलिग्रॅमची आहे. वजन वाढवण्यासाठी काडीत धातूची तार घालण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. आता याच कुळातील एक नारिंगी जात आपल्या देशातही बंद खोलीत बरण्यांतून वाढवतात. तो माल रानातल्या कीडाजडीपेक्षा खूपच स्वस्त असतो. त्याला कीडाजडीचा भाव लावून विकणे ही उघड फसवणूक होय.

अपायही होऊ शकतो

'नैसर्गिक आहे, त्यामुळे साइड इफेक्ट नाही', हे वाक्य प्रत्येक एजंटच्या तोंडी असते. ते खरे नाही.

रेशीमुळे रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होऊ शकतो. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रेशीच्या भुकटीनंतर यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. थायलंडमध्ये अशा एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद २००७ मधील आहे. 'चागा' नावाच्या अळिंबीत ऑक्झॅलेटचे प्रमाण फार असते. जपानमध्ये कॅन्सरवर उपाय म्हणून रोज चार-पाच चमचे चागा सहा महिने घेणाऱ्या ७२ वर्षांच्या बाईची मूत्रपिंडे निकामी झाली. शिताके कच्ची किंवा अर्धकच्ची खाल्ल्यास काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखे लाल पट्टे येतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम जपून घ्यावे लागते आणि अळिंबीत ते बरेच असते. म्हणून त्यांनी भाजीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच खावी.

रानातील अनोळखी छत्र्या खाणे तर जिवावरचे काम आहे. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहा तास ते एक दिवस काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि तोपर्यंत यकृतावर घाला झालेला असतो. चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणजे अळिंबी बिनविषारी, ही समजूत साफ चुकीची आहे. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानअळिंबी खाऊन १३ जण दगावले. म्हणून अनोळखी सुटी रानअळिंबी कोणी विकायला आणली तर ती घेऊच नये.

खरा फायदा ताटातच

मग अळिंबीचा उपयोग काहीच नाही काय? आहे, आणि तो सामान्य माणसाच्या आवाक्यातला आहे. ताज्या अळिंबीत सुमारे नव्वद टक्के पाणी असते. उरलेल्या भागात चांगल्या प्रतीची प्रथिने, तंतुमय पदार्थ, ब गटातील जीवनसत्त्वे, पोटॅशियम आणि सेलेनियम असते. चरबी नगण्य आणि पिष्टमय पदार्थ फार थोडे. त्यामुळे मधुमेह, लठ्ठपणा किंवा रक्तदाब असलेल्यांच्या जेवणात ती चांगली बसते. कबाब किंवा खिम्यात निम्मे मटण आणि निम्मी बारीक चिरलेली अळिंबी घातली तर चव राहते आणि चरबी कमी होते. मात्र तूप-तेलात तळून खाल्ल्यास हा फायदा उरत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ड जीवनसत्त्व. अळिंबीत एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते आणि उन्हाने त्याचे ड जीवनसत्त्व बनते. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या अळिंबीत ते जवळपास नसतेच. पण ताज्या अळिंबीच्या चकत्या दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटांपासून एक-दोन तास ठेवल्या तर ते चांगल्या प्रमाणात तयार होते. दिवसभर घरात किंवा कारखान्याच्या छपराखाली काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांत या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. उन्हात ठेवलेली अळिंबी त्यांच्यासाठी उपयोगी आहार ठरेल. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची जागा मात्र ती घेणार नाही.

माल घेताना काय पाहावे?

ज्यांना हा माल ठेवायचाच आहे त्यांनी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) लेबलावर अळिंबीचे पूर्ण शास्त्रीय नाव आहे काय? नुसते 'मशरूम पावडर' पुरेसे नाही.

२) माल फळापासून केला आहे की धान्यावर वाढवलेल्या तंतूंपासून? दुसऱ्या प्रकारात गहू-तांदळाचा भुगा अळिंबीच्या भावाने विकला जातो. यासाठी सोपी कसोटी आहे. चिमूटभर भुकटी पाण्यात उकळून थंड करावी आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. रंग निळा-काळा झाला तर त्यात पिष्ट आहे. रंग न आल्यास माल अस्सल असेलच असे मात्र नाही.

३) आर्सेनिक, शिसे, पारा आणि कीटकनाशके यांची त्या बॅचची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली? अळिंबी ज्यावर वाढते त्यातील जड धातू शोषून घेते. त्यामुळे अहवाल मागण्यात संकोच करू नये.

४) कॅप्सूलचे कवच कशाचे आहे? जिलेटिन हे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होते आणि त्यात डुकराचेही असू शकते. सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतिजन्य कवचही मिळते. पाकिटावरील शाकाहाराचा हिरवा ठिपका पाहावा किंवा कंपनीकडून लेखी घ्यावे.

५) अर्क कशात काढला आहे? रेशीतील काही द्रव्ये गरम पाण्यात उतरतात, तर काही अल्कोहोलमध्ये. थेंबांच्या बाटलीत अल्कोहोल शिल्लक असते. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगता आले पाहिजे.

६) पाकिटावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापले आहे काय? पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर अशी सूचना छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. जो माल स्वतःच सांगतो की मी औषध नाही, त्याला एजंट औषध कसे म्हणतो, एवढे त्याला विचारावे.

कायदा काय म्हणतो?

औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, हृदयविकार यांसह अनेक रोग बरे करण्याच्या जाहिरातींना या कायद्याने मनाई आहे. दुकानाबाहेरची पाटी, छापील पत्रक हीसुद्धा जाहिरातच होय. खाद्यपदार्थ म्हणून विकायचे तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी किंवा परवाना लागतो आणि २०१८ च्या नियमांप्रमाणे अन्न रोग बरा करते असा दावा करता येत नाही. युनानी किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून माल तयार करायचा तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो.

माणसे जोडण्याच्या धंद्याबाबत २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले. प्रवेश फी घेणे आणि माणूस जोडण्याबद्दल पैसे देणारी पिरॅमिड योजना चालवणे यांना त्यात मनाई आहे. विकला न गेलेला चांगला माल परत घेण्याची सोय कंपनीने ठेवली पाहिजे. तेव्हा एकच हिशेब करावा. नवी माणसे जोडणे आज थांबवले, तर केवळ मालाच्या विक्रीवर महिन्याला काय सुटेल? उत्तर शून्याच्या जवळ येत असेल तर तो व्यापार नव्हे, आणि त्यात बायकोचे दागिने किंवा भिशीचे पैसे घालू नयेत.

कारागिरासाठी सरळ मार्ग

या विषयात मेहनत करू इच्छिणाऱ्यांसाठी धिंगरीची लागवड हा स्वच्छ धंदा आहे. जमीन लागत नाही, एक सावलीची, हवेशीर खोली पुरते. भाताचा किंवा गव्हाचा पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून पिशव्यांत थर देऊन भरतात आणि थरांत बियाणे टाकतात. २० ते ३० अंश तापमान आणि ८० ते ८५ टक्के ओलावा ठेवला तर पंधरा-वीस दिवसांत पेंढा पांढऱ्या तंतूंनी भरतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पहिली काढणी होते. एक किलो वाळलेल्या पेंढ्यापासून साधारण अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी निघते. दहा किलो ताज्या धिंगरीची सुमारे एक किलो वाळलेली होते. म्हणजे ताजी ज्या भावाने जाते त्याच्या किमान दहा पट भाव आणि वाळवण्याचा खर्च सुटत असेल तरच वाळवावी. पण ताजी दोन-तीन दिवसांत खराब होते, म्हणून न खपलेला माल वाळवण्याची तयारी असावीच. काढणीच्या वेळी हवेत उडणाऱ्या बीजाणूंमुळे खोकला-दमा होऊ शकतो. तेव्हा तोंडाला फडके किंवा मास्क बांधावा.

या कामाचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण हिमाचल प्रदेशातील सोलन येथील केंद्रीय अळिंबी संशोधन संचालनालयात मिळते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळिंबी संशोधन प्रकल्प आहे. आधी प्रशिक्षण, मग दहा-वीस पिशव्यांचा प्रयोग, त्यानंतर हॉटेल व भाजीवाल्यांकडे चौकशी आणि सर्वांत शेवटी भांडवल, हा क्रम मोडू नये. 'बियाणे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच विकत घेऊ' असे सांगणाऱ्याकडून तसा लेखी करार आणि आधीच्या शेतकऱ्यांचे पत्ते मागावेत.

दुकानात गिऱ्हाईक आले आणि त्याने विचारले की, ही पुडी घेऊन साखर बरी होईल काय, तर उत्तर सोपे आहे. हा आहार आहे, औषध नव्हे. गोळी चालू ठेवा, डॉक्टरांना किंवा हकीमसाहेबांना पुडी दाखवा आणि त्यांनी हो म्हटले तर घेऊन जा. असे सांगितल्याने त्या दिवशीची एक विक्री कदाचित जाईल. पण तेच गिऱ्हाईक उद्या मध, खजूर आणि जिरे घ्यायला तुमच्याच दुकानी येईल.